नाव कमी

प्लॉटिंगवर कुणी नवीन राहायला आलं की शेजारीपाजारी पहिल्या दोन-चार दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात. "मत कुठंय तुमचं?" आडनाव काय, मूळचे कुठले, असल्या चौकशा करत बसायची गरजच पडत नाही. मताचं ठिकाण कळलं की गाव कळतं, गाव कळलं की भावकी कळते, आणि त्या गावात कुणी पाहुणा निघाला तर घरात कुणाचं कुणाशी पटत नाही हेही संध्याकाळपर्यंत कळून जातं. या प्रश्नाला "इथंच" असं उत्तर देणारी माणसं मात्र प्लॉटिंगवर फार थोडी.

कमानीवर 'गुरुदत्त नगर' असं रंगवलंय, पण ते नाव फक्त कुरिअरवाले वापरतात. बाकी सगळ्यांच्या तोंडी प्लॉटिंगच. मंचरच्या बाहेर पडून अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडं जाताना डाव्या हाताला ते लागतं. खाली घरमालक आणि वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं, अशी घराघराची मांडणी. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी मार्केटात आडत्याच्या गाळ्यावर, कुणी जुन्नरहून येऊन दुकान टाकलेलं. हद्द पिंपळमळा ग्रामपंचायतीची. घरं बघितली तर प्लॉटिंग त्या गावाला भारी पडेल, आणि मतं बघितली तर गावातली एखादी वस्तीसुद्धा प्लॉटिंगला भारी पडते.

कारण साधं आहे. राहायला माणूस इथं, मत गावाला. मतदानाच्या दिवशी सकाळपासून गल्लीत जीपा यायला लागतात. कळंबची जीप, अवसरी बुद्रुकची जीप, पार जुन्नरच्या वरच्या अंगाची जीप. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं लग्नाला निघाल्यासारखी गाडीत जाऊन बसतात. दहाच्या सुमाराला प्लॉटिंगवर कॉलेजची पोरं आणि कुत्री एवढीच उरतात. आणि मग हीच इस्त्रीवाली माणसं पुढं पाच वर्षं पिंपळमळ्याच्या पंचायतीच्या नावानं बोटं मोडतात. गटार नाही, दिवा नाही, घंटागाडी येत नाही. मागं एकदा चार जण सरपंचाकडं गेले होते. सरपंचानं चहा पाजला आणि तोंडावर सांगितलं, "मतं तुमी गावाला टाकता, मंग गटार बी गावाकडनंच मागा की राव." चौघंही चहा पिऊन परत आले. रागावले खरे, पण त्या माणसाचं काय चुकलं होतं, हे एकालाही सांगता आलं नाही.

गटार नसल्याचा सगळ्यात मोठा वाटा साळुबाईच्या दारात यायचा, कारण तिचं घर गल्लीच्या उताराला, अगदी शेवटी. वरच्या सगळ्या घरांचं सांडपाणी तिच्या फाटकासमोर येऊन साचायचं. मुलगा गोरख चाकणच्या कंपनीत कामाला, सून वृषाली मंचरच्या एका दवाखान्यात, आणि नात तेजस्विनी चौथीत. साळुबाई दिवसभर घरी. नवरा गेणभाऊ गेल्यावर गोरख तिला अवसरी बुद्रुकहून इथं घेऊन आला, त्याला आता सहाएक वर्षं होत आली होती.

साळुबाईचं मत अर्थातच अवसरीला. आणि ते नुसतं मत नव्हतं. तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिच्या मनात एक हिशेब पक्का होता. मत आहे तोवर जीप येणार, जीप येते तोवर आपण अवसरीच्या, आणि आपण अवसरीच्या आहोत तोवर आपण गेल्यावर उचलायला भावकी येणार. इथं प्लॉटिंगवर गोरख सोडला तर खांदा द्यायला कोण आहे? वरच्या खोलीतली कॉलेजची पोरं? ती सुट्टी लागली की गावाला पळतात. म्हातारपणी माणसाला जेवणाखाण्यापेक्षा याचीच काळजी जास्त असते, आणि साळुबाईला ती होती.

मागच्या मतदानाला मात्र त्या हिशेबाला पहिला तडा गेला. जीप आली, तिला घेऊन गेली, शाळेच्या दारात उतरवलं. तिनं बटण दाबलं आणि बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाली, "वाईच घराकडनं घी गाडी. माझी जाऊ हाय तितं, सोनीबाई. तिला भेटते आन लगेच येते." ड्रायव्हर मान हलवत म्हणाला, "न्हाई जमायचं आजी, आजून दोन खेपा हायेत माझ्या." आणि तिला परत आणून कमानीपाशी सोडलं. गल्लीतून चालत येताना साळुबाईला उगाच वाटत राहिलं, की आपण अवसरीला गेलोच नव्हतो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तेजस्विनीला डेंगी झाला. दारात साचलेलं पाणी, दुसरं काय होणार होतं! पोर पांढरीफटक पडली. गोरखला रजा मिळेना, वृषालीचं एक पाऊल कामावर आणि एक लेकीपाशी. त्या दिवसांत पलीकडच्या घरातली इशरत दवाखान्यात तेजस्विनीच्या उशाशी बसून राहिली. इशरतचं माहेर-सासर दोन्ही जुन्नरचं. नवरा नौशाद अॅल्युमिनिअमच्या खिडक्या बसवायचं काम करतो, ती घरी शिलाई करते. तेव्हा तिच्या मशीनवर सणासुदीचं काम पडलेलं होतं. तरी ही बाई दुसऱ्याच्या पोरीला चमच्यानं पेज भरवत बसली. साळुबाईनं ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

यंदा ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागायची चिन्हं दिसायला लागली. पिंपळमळ्याच्या ज्या वॉर्डात प्लॉटिंग येतं तिथली एक जागा बायकांसाठी राखीव निघाली, आणि इशरत म्हणाली, मी उभी राहते. तिनं आणि नौशादनं आपली मतं जुन्नरहून आधीच इकडं आणली होती. प्लॉटिंगवर सगळ्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कुंडलिक म्हणाला, "इशरतताई, आपला फुल सपोर्ट." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त काय हाय, मत आपलं कळंबला हाय." एकदोघं तिच्या पाठीमागं "आपल्यातली कुणी बाई मिळाली नाही का" असंही कुजबुजले. त्यांना कुणी विचारलं असतं की आपल्यातलं म्हणजे कुठलं, तर त्यांनी आपापल्या गावांची नावं सांगितली असती. त्या गावांतून गटाराला एक पाइप यायचा नव्हता.

इशरत दारोदार फिरली. याद्या पक्क्या व्हायच्या आधी नावं इकडं आणा, मोबाईलवर होतं, मी करून देते, असं सांगत सुटली. सगळ्या दारांत गेली, फक्त साळुबाईच्या दारात थांबली नाही. ते साळुबाईच्या लक्षात आलं. इशरत का थांबली नाही, हेही तिला बरोबर कळलं. अवसरी बुद्रुकची निवडणूकही याच खेपेला होती, आणि तिथं सरपंचपदाला साळुबाईचा पुतण्या भरत उभा राहणार होता. भरत म्हणजे सोनीबाईचा मुलगा, गेणभाऊच्या धाकट्या भावाचा. लढत अटीतटीची होती. गोरखनं त्याला फोनवर शब्द देऊन टाकला होता, की आमच्या घरातली सगळी मतं तुझीच.

एका दुपारी साळुबाईच इशरतकडं गेली. इशरत मशीनवर ब्लाऊजला बाह्या लावत होती, तिची धाकटी शिफा जमिनीवर चिंध्या मांडून खेळत होती.

"माझं नाव इकडं आण," साळुबाई म्हणाली.

इशरतचा पाय मशीनवरच थांबला. "मावशी, गोरखभाऊंना विचारलं का?"

"गोरखला कशाला इचारू? शाई माझ्या बोटाला लागती का त्याच्या?"

"तसं नाही मावशी. पण तुमचा पुतण्या उभा राहतोय. उद्या लोक म्हणतील इशरतनं म्हातारीला फितवलं."

"म्हणू दी. तू कुटं आलीस माझ्या दारात? मीच आले."

इशरतनं मोबाईल घेतला, आधार कार्ड मागितलं, बटणं दाबत राहिली. मग मध्येच मान वर करून म्हणाली, "मावशी, इथं नाव घातलं की तिकडचं नाव कमी होणार. चालेल ना?"

नाव कमी. हे दोन शब्द साळुबाईनं आयुष्यात दोनच कारणांसाठी ऐकले होते. माणूस मेला की रेशनकार्डावरून, यादीवरून नाव कमी करतात. आणि लेक लग्न होऊन नांदायला गेली की करतात. तिचं लग्न झालं त्याच महिन्यात तिच्या वडिलांनी तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून आणलं होतं आणि तो दाखला गेणभाऊच्या हातात दिला होता. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं की चालेल ना. आज एक परकी पोर विचारत होती.

"चालंल," ती म्हणाली.

आता पुढं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मुलखात झालं नसतं. अवसरी बुद्रुकला मतदारयादीचं काम एका गुरुजींकडं होतं. नवखा माणूस, गावची माहिती नाही. ते खात्री करायला साळुबाईच्या जुन्या घराकडं गेले. घराला कुलूप. समोर भावकीतला म्हातारा जानकू गोठ्यात शेण काढत होता. गुरुजींनी त्याला विचारलं, "साळुबाई गेणभाऊ इथंच राहायच्या ना?"

"व्हय. काय झालं?"

"काही नाही, त्यांचं नाव कमी करायचंय," गुरुजी म्हणाले, कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढच्या गल्लीत निघून गेले.

जानकूच्या हातातलं फावडं खाली पडलं. लेकीबाळी नांदायला जातात तेव्हा नाव कमी होतं, पण साळुबाई काय या वयात नांदायला जाणार होती! म्हणजे दुसरं कारण. तो तसाच शेणाच्या हातानं सोनीबाईच्या दारात गेला आणि म्हणाला, "सोने, थोरली गेली गं."

सोनीबाईनं ऐकलं आणि मटकन खाली बसली. भरतनं गोरखला फोन लावला, पण कंपनीत आत जाताना मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, तो कसला उचलतोय! वृषालीचा फोन लागला नाही. साळुबाईकडं फोनच नव्हता. फोन लागत नाही म्हणजे घरात रडारड चालू असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. चुलीवरची भाकरी तव्यात राहिली, शेतात पाणी धरलेलं होतं ते तसंच टाकून माणसं निघाली. भरतची प्रचाराची जीप आणि एक पिकअप, दोन्ही गच्च भरल्या.

साळुबाई तेव्हा दारात पायरीवर बसून मेथी निवडत होती. गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा गळा काढून रडण्याचा. प्लॉटिंगवर कोण गेलं? सकाळी तर सगळे बरे होते. तिनं मेथी बाजूला सारली, पदर डोक्यावरून घेतला आणि पदरानं तोंडं झाकून रडणाऱ्या बायकांकडं लगबगीनं निघाली. गल्लीत कुणी गेलं तर शेजारधर्म आहे, आपण जायला हवं. चालता चालता तिलाही रडू फुटलं. बायकांच्या पुढं जी बाई छाती बडवत येत होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून साळुबाईनं विचारलं, "कोण गेलं गं, बाई?"

त्या बाईनं तोंडावरचा पदर काढला. ती सोनीबाई होती.

सोनीबाईनं एक किंकाळी फोडली आणि साळुबाईच्या गळ्यात पडली. मग तिला दूर करून बघितलं, गाल चाचपले, परत मिठी मारली. "अगं तू हायेस! माझे बाई, तू हायेस!" बाकीच्या बायकांना हसावं का रडावं कळेना, त्या दोन्ही करायला लागल्या. शिव्यासुद्धा दिल्या. जानकूला तर पिकअपमधून उतरूच देईनात.

साळुबाई सगळ्यांकडं बघत उभी राहिली. या बाया, ही माणसं! सहा वर्षांत यातलं एकही माणूस तिच्या दारात आलं नव्हतं. आज सगळे आले होते, हातातलं काम टाकून, काहीजण अनवाणी. सोनीबाईच्या हाताला अजून पीठ होतं. म्हणजे भावकी येते. आपण गेल्यावर ती येते. साळुबाईला इतकं बरं वाटलं, की तिला वाटलं आत्ता याच क्षणी आपण मरून गेलो तरी चालेल.

मग भरतनं विचारलं, "पर काकी, गुरुजी नाव कमी करायला कशापायी आल्ते?"

इशरत तिच्या फाटकात उभी होती, तिनं मान खाली घातली. साळुबाईला खोटं बोलता आलं असतं. गुरुजींनाच काहीतरी चुकीचं कळलं असेल, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण एवढ्या माणसांचं रडून झालेलं होतं, त्यांच्यासमोर खोटं बोलायला तिची जीभ उचलेना.

"मी नाव इकडं घेतलंय, भरत. हितं इशरत उभी राहतीय."

भरतचा चेहरा उतरला. क्षणभर तो लहान पोरासारखा दिसला. मग रागानं लाल झाला. "आमी रडत आलो हितवर. आन तू जित्तेपणी नाव कमी केलंस? एक-एक मतासाठी मी गाव पालथं घालतोय, आन घरचं मान्स..." तो जीपकडं वळला आणि वळता वळता म्हणाला, "आजून मुदत हाय, अर्ज माघारी घी. न्हाई घेतला तर हितनं फुडं खरंच काय झालं तरी आमाला कळवू नका."

इशरतनं सगळ्यांसाठी चहा ठेवला होता. अर्ध्या माणसांनी घेतला, अर्ध्यांनी नको म्हटलं. सोनीबाईनं घेतला. बशीतला चहा फुंकत तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, हितं तुला कोण उचलंल गं?"

साळुबाईच्या मनातलीच भीती जावेनं बोलून दाखवली. जीप निघाली तेव्हा सोनीबाई मागं वळून बघत राहिली, भरतनं मात्र वळून बघितलं नाही.

गोरख संध्याकाळी आला तो गेटपासूनच बोलत आला. त्याला सगळं फोनवर कळलं होतं. "मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस आई. मी भरतला शब्द दिलता."

"तुझ्या मताचा दे की. माझ्या मताचा तू कोण देणार?"

"उद्या काय झालं तर हे इशरतचं घर येनार हाय का धावत?"

"तेजी आजारी व्हती तवा कोण आलं व्हतं?" साळुबाईनं विचारलं. गोरखनं ताट ओढून घेतलं, पण त्याला पटलं नव्हतं. वृषालीनं सासूच्या ताटात भाजी वाढली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला काय वाटत होतं ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस साळुबाईचे वाईट गेले. ती दारात बसायची, समोरच्या हिरव्या पाण्याकडं बघायची आणि तिच्या डोळ्यांपुढं सोनीबाईचे पिठाचे हात यायचे. एका गटारापायी आपण एवढं मोडून बसलो का? भरतला तिनं कडेवर खेळवला होता. दोनदा तिनं ठरवलं की इशरतला सांगायचं, राहू दे, माझं नाव तिकडंच राहू दे. दोन्ही वेळा ती फाटकापर्यंत गेली आणि मशीनचा आवाज ऐकून परत फिरली.

मग पिंपळमळ्याच्या शाळेतल्या बाई चौकशीला आल्या. पदराला घाम पुसत त्यांनी पायरीवरच वही उघडली. "साळुबाई गेणभाऊ तुम्हीच ना? नाव इथं घ्यायचंय, तर एकदा तुमच्या तोंडून ऐकायला आले. नको असेल तर तसं सांगा, मी अर्ज रद्द करते. अवसरीचं नाव राहील." रविवार होता. गोरख दारात येऊन उभा राहिला. पलीकडं इशरतचं मशीन बंद झालं होतं, पण ती बाहेर आली नाही. साळुबाईला ठाऊक होतं की ती भिंतीपलीकडं ऐकत उभी असणार, आणि मुद्दामच बाहेर येत नसणार.

"आजी, राहता कुठं तुम्ही?" बाईंनी विचारलं.

किती साधा प्रश्न होता! साळुबाईनं एकदा गोरखकडं बघितलं, एकदा दारातल्या पाण्याकडं.

"ऱ्हाते हितंच," ती म्हणाली. "गाव अवसरी. पर ऱ्हाते हितं. हितलं लिवा."

बाईंनी लिहिलं. गोरख आत निघून गेला आणि त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला.

मतदानाच्या दिवशी नेहमीप्रमाणे जीपा आल्या. अवसरीच्या जीपनं साळुबाईच्या दारात हॉर्न वाजवला. गोरख आणि वृषाली जाऊन बसले. ड्रायव्हर तोच होता. त्यानं सवयीनं विचारलं, "आजी, चला की," आणि मग कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. वृषाली बसता बसता सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, उन्हाच्या आत जाऊन या." तिला तेवढंच बोलता आलं असावं. जीप वळली, गल्ली सुनी झाली. साळुबाई कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग नौशाद आला, आणि तिला, इशरतला आणि आणखी दोघींना घेऊन पिंपळमळ्याच्या शाळेकडं निघाला. ती सगळी चालतच गेली. रांगेत पिंपळमळ्याच्या बायकांनी साळुबाईला ओळखलं नाही, आणि साळुबाईनंही कुणाला ओळखलं नाही. बोटाला शाई लागली, तीन बटणं दाबून झाली. बाहेर आल्यावर इशरतनं तिच्या हाताला धरलं. साळुबाईला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं आहे की दुसऱ्या कशाचं हे तिचं तिलाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. इशरत पडली. फार वाईट नाही पडली, पण पडली. प्लॉटिंगची माणसं परत आल्यावर हळहळली. कुंडलिक दुकानात म्हणाला की थोडं अजून जमलं असतं तर आली असती. त्यानं हे म्हणताना इशरतकडं बघायचं टाळलं. मग तिच्या पिशवीत साखर भरताना खाली बघत विचारलं, नाव इकडं आणायचं झालं तर नेमकं काय करावं लागतं.

आणि अवसरीला भरतही पडला. अगदी थोडक्यात पडला. गोरखला फोनवर कळलं तेव्हा त्यानं आईकडं बघितलं आणि काही न बोलता फोन ठेवला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर साळुबाईला परवडलं असतं. तिनं जेवणाचं ताट सरकवून ठेवलं. आपलं एक मत असतं तरी भरत आला नसता, हे गोरखच म्हणाला नंतर. पण एकेकाचं असंच करत मतं जातात, हेही तिला कळत होतं. आता तिकडं आपलं तोंड कायमचं काळं झालं, असं तिनं मनाशी धरलं. आपण जाऊ तेव्हा गोरख आणि प्लॉटिंगची चार माणसं उचलतील. काय वाईट आहे? असं ती स्वतःला समजावत होती, आणि समजूत पटत नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी मोटारसायकल थांबली. भरत होता, एकटाच. अंगावर प्रचारातला पांढरा सदरा नव्हता, शेतात घालायचा जुना शर्ट होता. दाढी वाढलेली. गोरख कामावर, वृषाली कामावर. हा भांडायला आला असणार, आणि त्याला भांडायचा हक्क आहे, असं म्हणत ती पायरीवरच बसून राहिली.

भरत पाण्याच्या कडेकडेनं चालत पायरीपाशी आला. बसला नाही.

"आई जेवंना, काकी. माझं पडनं तिच्या जिवाला लागलंय. कुनाचं आयकत न्हाई. तुला घिऊन ये म्हणती."

साळुबाईला आधी ऐकूच आल्यासारखं वाटेना. मग ती घाईघाईनं म्हणाली, कारण ते आधी सांगून टाकायला हवं होतं, "भरत, माझं मत न्हाई आता तिकडं."

भरत तिच्याकडं बघत राहिला. तिला काय म्हणायचंय ते त्याला खरंच कळलं नाही.

"इलेक्शन झालं की काकी," तो म्हणाला. "चल, ऊन व्हायच्या आत जाऊ."

साळुबाई उठली. आपण चपला कुठं काढल्यात, तेच तिला आठवेना.